कापसाच्या पोटातला डबा

बडनेऱ्याच्या आसपासच्या चार-पाच गावांत लग्न निघालं की मैनाबाईकडे निरोप यायचाच. तिला बोलावणं म्हणून नव्हे, तिचा डबा मागायला. वैशाखात अकोल्याहून बर्फ आणायचा असो, की जानवशाच्या घरी ऊन ऊन वरण पोचवायचं असो, लोक म्हणत, "मैनाबाईचा खोका आना." ती कधी नाही म्हणायची नाही. नव्या सुनांना वाटे, काय मायाळू बाई आहे! जुन्या बाया मात्र तोंडाला पदर लावून हसत. तो डबा मायेतून झालेला नव्हता हे त्यांना ठाऊक होतं. तो निव्वळ जळफळाटातून झाला होता.

हेवा मैनाबाईच्या अंगात लहानपणापासून होता आणि तिने तो कधी लपवला नाही. माहेरी थोरल्या बहिणीचे केस आपल्यापेक्षा लांब म्हणून ती रुसून जेवायची बंद झाली होती. सासरी शेजारणीची म्हैस जास्त दूध देते म्हणून तिने आपल्या म्हशीला दिलेले टोमणे सगळ्या आळीने ऐकले होते. "खाते तं तिच्यायेवढंच, मंग देतानी काहून आखडते व?" पण हे सगळं वरवरचं. खरं जळणं काय असतं ते तिला कळलं लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, आणि तेही वाटीभर वरणापायी.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुराहून चाले आणि दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. मैनाबाईचे यजमान रामराव कापसाचे पारखी होते. घरची काळी जमीन होती, ती मैनाबाई गडी लावून करून घेई. दिवाळी झाली की रामराव अकोल्याला जात आणि शिमग्यापर्यंत चंद्रभान शेठच्या जिनात, म्हणजे कपाशीतून सरकी काढायच्या कारखान्यात, काम करत; रविवारी तेवढे घरी येत. बाजारात कपाशीच्या गाड्या उभ्या राहिल्या की रामराव एकेका गाडीत कोपरापर्यंत हात घालत, खालच्या थरातली मूठभर कपाशी ओढून काढत, दोन अंगठ्यांमध्ये धागा ताणत आणि माल कसा आहे ते सांगत. त्यांच्या शब्दावर शेठ भाव बोले. अकोल्यात त्यांच्या बोटांचं मोठं नाव होतं.

घरी मात्र त्यांच्या तोंडाचं काही नाव घ्यावं असं नव्हतं. मैनाबाईने काहीही रांधावं, ओल्या तुरीच्या सोल्यांची आमटी, वांग्याचं भरीत, पुरणाची पोळी, आणि "कसं झालं?" म्हणून विचारावं. रामराव घास गिळत आणि म्हणत, "बरं हाय." एवढंच. सणालाही बरं आणि शिळ्यालाही बरं. शेजारणीचा नवरा साध्या कढीला वा वा करतो हे भिंतीपलीकडून ऐकू यायचं तेव्हा मैनाबाई उलथणं आपटायची.

अकोल्यात रामराव जठारपेठेत एका खोलीत राहत आणि लीलाबाईच्या खानावळीत जेवत. इतकी वर्षं मैनाबाईने लीलाबाईचं नावही कधी ऐकलं नव्हतं, कारण रामराव बोलतच कमी. पण त्या साली काय झालं कुणास ठाऊक. एका रविवारी ते घरी आले, पाट मांडला, ताटावर बसले आणि आपण होऊन म्हणाले, "लीलाबाईनं काल वरण केलतं. काय सांगू तुले! अमृत."

मैनाबाईच्या हातातली पळी भांड्यातच राहिली.

"कोन लीलाबाई?"

"खानावयवाली. वाफा निघून राहिल्या होत्या वरणातून. फुकून फुकून खावं लागते."

"आन हे? हे कसं हाय, जे खाऊन राहिले ते?"

रामरावांनी ताटाकडे पाहिलं. "बरं हाय," म्हणाले.

त्या दिवसापासून मैनाबाईच्या डोक्यात लीलाबाई शिरली. तिला तिने पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे जशी हवी तशी ती रंगवता येत होती. कधी ती गोरी असायची, कधी तरणी, कधी नाकात ठसठशीत नथ घालून रामरावांच्या ताटापुढे वारा घालत बसलेली असायची. आणि हातात दर वेळी वाफाळतं वरण.

जखमेवर मीठ म्हणून पुढच्या रविवारी रामरावांनी आणखी एक सांगितलं. चंद्रभान शेठ म्हणतात, आता हंगामापुरतं नको, बारमाही या. सरकीचं, ढेपेचं काम पाहा, राहायला जागा देतो.

"मंग तुमी काय म्हनलं?"

"पाहू म्हनलं. शिमग्याच्या आंदी सांगतो म्हनलं."

मैनाबाईने शेत सोडून अकोल्याला जायचं नाही, हे दोघांनाही न बोलता माहीत होतं. म्हणजे रामराव बारमाही तिकडे आणि ही बारमाही इकडे. नोकरीत तसं त्यांना ओढून घेण्यासारखं काही नव्हतं. पगारासाठी हपापणारा माणूस नव्हता तो. मग ओढतंय काय? तर वाफा. मैनाबाईचा हिशेब पक्का झाला. माणूस आपल्यापासून तुटत असेल तर तो वरणाच्या वाफेने तुटतोय, आणि वाफ काही लीलाबाईची मिरास नाही.

तिचा मावसभाऊ गोवर्धन मोर्शीकडची संत्री टोपल्यांतून अकोल्याला विकायला न्यायचा. रोज सकाळची पॅसेंजर त्याची ठरलेली. मैनाबाईने पितळी पुडाचा डबा त्याच्या हाती दिला. "जेवनाच्या टायमाले खानावयीत नेऊन देजो. आन मले सांगजो, कसं खाल्लं."

गोवर्धनने संध्याकाळी येऊन सांगितलं, "डबा देला, मैनाताई. पन गार पडलता. तेल गोठून वर आलतं."

"मंग खाल्लं नाई?"

"खाल्लं ना! लीलाबाईनं चुलीवर ऊन करून देलं."

हे त्याने सांगायला नको होतं. मैनाबाई जागची उठली. माझ्या हातची भाजी, माझ्या शेतातलं वांगं, आणि तिच्या चुलीवर! तिच्या पळीने ढवळलेली! म्हणजे रामरावांनी खाल्ली ती भाजी निम्मी तिचीच झाली की. पौषातली थंडी होती, पण तिला पदराने वारा घ्यावा लागला. डबा इथून ऊन निघाला तो तिथे ऊनच पोचला पाहिजे, त्या बाईच्या चुलीचा त्याला स्पर्श होता कामा नये, असं तिने त्याच क्षणी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ती गोवर्धनला घेऊन अमरावतीला वामनरावांच्या दुकानात गेली. वामनराव विलायती वस्तू ठेवत. दिवे, घड्याळं, चहाच्या बशा. त्यांनी आधी एक थर्मास काढला. आत काचेची बाटली, बाहेरून पत्रा.

"गरम ठेवा, थंड ठेवा, जसंच्या तसं राहील," वामनराव म्हणाले.

मैनाबाईने आत डोकावून पाहिलं. "याच्यात वांगं जाईन, पन बाहीर कसं येईन? आन भाकर?"

"भाकरीसाठी नाही हो ते. चहासाठी."

"आमच्या घरचा मानूस चाय पिऊन जिनात उभा राहीन का दिवसभर?"

वामनरावांनी तो ठेवला आणि दुसरा काढला. उंच पितळी पिंप, त्यात एकावर एक तीन भांडी आणि सगळ्यात खाली निखाऱ्यांची लहानशी शेगडी. बंगालकडचे लोक प्रवासात याच्यावर शिजवून खातात म्हणे. मैनाबाईचे डोळे चमकले. पण गोवर्धनने हात जोडले. "ताई, गाडीत विस्तव नेला तं गार्ड मले मूर्तिजापूरले उतरवीन, आन डबा पेटला तसाच अकोल्याले जाईन."

तिसरा डबा दुहेरी पत्र्याचा होता. दोन पत्र्यांमध्ये काय भरलंय ते वामनरावांनाही माहीत नव्हतं, पण किंमत भरपूर होती. "हा घ्या. साहेबलोक शिकारीला नेतात."

"पानी उकयून टाका बरं याच्यात," मैनाबाई म्हणाली.

वामनरावांनी कुरकुरत दुकानातल्या स्टोव्हवर पाणी उकळलं, डब्यात ओतलं, झाकण लावलं. गोवर्धन झाकणाकडे पाहत बसला. मैनाबाईने मात्र डब्याच्या बाहेरच्या अंगाला तळहात लावला आणि तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने तिने हात काढला.

"नोको."

"अहो, झाकण तर उघडून पाहा! आत अजून कढत आहे."

"आत कढत हाय, पन बाहीर बी ऊन लागून राहिलं ना. बाहीर आलं ते कुठून आलं? आतूनच आलं ना? अकोल्याले जाईपावतर सारं असंच बाहीर येऊन जाईन. तुमचा डबा गयते, वामनराव."

"पाण्याचा थेंब गळत नाही त्यातून!"

"पानी नाई. ऊब गयते."

वामनरावांनी पाणी ओतून दिलं. मग त्यांनी डबा पुसून परत फळीवर ठेवला आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला पाहिजे तसा डबा अजून कोणी केलेला नाही."

"मंग मी करते," मैनाबाई म्हणाली. रागानेच म्हणाली, पण घरी येईपर्यंत ते तिच्या मनात घर करून बसलं.

त्या आठवड्यात घरी नवी गोधडी भरायची होती. पिंजारी रुई पिंजून गेला होता आणि ओसरीत तिचा ढीग पडला होता. सकाळी गारठलेले हात मैनाबाईने सहज त्या ढिगात खुपसले. आत निमिषात ऊब आली. वरून ढिगाला हात लावला तर तो गार. तिने हात काढले, परत घातले. म्हणजे रुई स्वतः काही गरम नसते, ती फक्त अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. वऱ्हाडात जन्म काढला, घरात रुई, शेतात कपाशी, नवरा कापसाचा पारखी, आणि डबा शोधायला आपण अमरावतीला गेलो!

किराणा दुकानातून तिने चहाचा रिकामा लाकडी खोका आणला. हलका, चौकोनी, आतून चंदेरी कागद लावलेला. त्यात मधोमध कल्हईचं झाकणाचं पातेलं बसवलं आणि भोवती रुई भरायला घेतली. इथे तिचा हेवा आडवा आला. जितकी रुई जास्त तितकी ऊब जास्त, असं तिला वाटलं. जिनातल्या प्रेसमध्ये गाठ बांधतात तशी तिने रुई ठासली, मुठीने ठासली, वर पाय देऊन ठासली. लीलाबाईच्याच छातीवर पाय देतेय अशा ताकदीने ठासली. गोवर्धनने खोका उचलला तर तो दगडासारखा झाला होता.

संध्याकाळी तो सांगत आला, "कोमट होतं, ताई. गारही नाई, ऊनही नाई. आन वाफेनं रुई भिजली. भाजीले गोठ्यातल्या सरकीचा वास आला. लीलाबाई म्हने..."

"ती काय म्हने ते मले सांगू नोको!"

पण काय चुकलं हे तिला कळेना. मग तिने घरातली जुनी गोधडी आणि नवी गोधडी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. जुनीत रुई जास्त होती, पण वर्षानुवर्षांच्या निजण्याने ती दबून तट्ट झालेली. नवी हलकी आणि फुगलेली. आणि थंडीत ओढाताण होते ती नव्या गोधडीसाठी! ऊब रुईत नसून रुईच्या फुगण्यात आहे. ठासलं की ऊब पळाली.

मग तिने परत रुई मोकळी करवून घेतली आणि उशांसारख्या लहान पिशव्या शिवून त्यांत ती अल्लद भरली. पिशव्यांवर मेणकापड चढवलं, म्हणजे वाफेने भिजायचं नाव नको. पातेल्याचं झाकण कणकेने लिंपलं. वर घोंगडीचा जाड तुकडा. भाकरी वाफेत गिचका होते म्हणून ती फडक्यात बांधून खोक्याबाहेर वेगळी. सगळं झाल्यावर तिने खोक्याला बाहेरून तळहात लावला. विहिरीच्या पाण्यासारखा गार! आत उकळती सोले-वांग्याची भाजी आहे असं सांगितलं तरी कुणाला खरं वाटू नये.

"हे तं यायच्यासारखंच झालं," ती रामरावांना आठवून पुटपुटली. "वरून काहीच समजत नाई." मग तिलाच वाईट वाटलं, कारण खोक्याच्या आत काय आहे ते निदान तिला माहीत होतं.

डबा ऊन पोचला. एक दिवस पोचला, रोज पोचायला लागला. गोवर्धन म्हणाला, कणीक फोडली की खानावळीतले सगळे वळून बघतात, अशी वाफ येते. मैनाबाई रविवारची वाट पाहू लागली. रामराव आले. हातपाय धुऊन बसले. तिने धीर धरला, पण तो भाकरी वाढेपर्यंतच टिकला.

"डबा ऊन येते ना?"

"येते."

"मंग? भाजी कशी लागते आता?"

"बरी लागते." रामरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग जरा आठवल्यासारखं करून म्हणाले, "परवा लीलाबाईनं वरण केलतं. चांदी हाय चांदी! असं वरण साऱ्या अकोल्यात भेटत नाई."

मैनाबाई आत गेली आणि रिकाम्या खोक्याकडे बघत उभी राहिली. म्हणजे वाफ नव्हतीच कारण. वाफ तर आता आपलीही होती. काहीतरी दुसरं होतं, आणि ते जठारपेठेत जाऊन डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिचं रक्त थंड होणार नव्हतं.

शिमगा तोंडावर आला होता. एका सकाळी तिने खोका भरला, गोवर्धनसोबत स्वतःच गाडीत बसली आणि अकोल्याला उतरली. गोवर्धन डबा घेऊन खानावळीकडे गेला. ही म्हणाली, "तू हो पुढी, मी येतो मांगून," आणि आधी कापसाच्या बाजाराकडे वळली. आपल्या माणसाला त्याला न कळता एकदा पाहावं, असं तिच्या मनात आलं होतं.

डोक्यावरून पदर पुढे ओढून ती एका गाडीच्या आडोशाला उभी राहिली. रामराव येत होते, मागे चंद्रभान शेठ आणि त्याचा माणूस. पहिल्या गाडीत रामरावांनी हात घातला, कपाशी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वा वा! चांदी हाय चांदी! असा माल साऱ्या अकोल्यात भेटत नाई."

मैनाबाईने कान टवकारले. हेच शब्द. हेच शब्द त्यांनी लीलाबाईच्या वरणाला दिले होते. ज्या गाडीच्या आडोशाला ती उभी होती तिचा मालक सूर्यभान म्हणून होता. तीच ती पहिली गाडी. मैनाबाई त्याला म्हणाली, "भाऊ, नशीब काढलं तुमी. लय तारीफ झाली तुमच्या मालाची."

सूर्यभानने कपाळावर हात मारला. "मेलो ना माय! त्यानं तारीफ केली की गाडी वापस नेवा लागते."

"काहून?"

"अवं, घ्यायचा माल असला तं तो तारीफ करीन का? तारीफ केली तं आमी भाव चढवू ना. जो घ्यायचा नाई त्याचीच तारीफ करते तो. पाह्य, शेठ उभा तरी राहिला का?"

शेठ खरंच पुढे निघून गेला होता. पुढच्या गाडीत रामरावांनी हात घातला. या वेळी धागा त्यांनी दोनदा ताणला. कपाशी नाकाजवळ नेली, अंगठ्याने सरकी दाबली. मग हात झटकून, दुसरीकडेच पाहत, तोंडातल्या तोंडात म्हणाले, "बरं हाय."

शेठ जागीच थांबला आणि भाव बोलू लागला.

मैनाबाई किती वेळ तशीच उभी होती तिला कळलं नाही. पंधरा वर्षांचे सगळे पाट, सगळी ताटं, सगळे सण तिच्या डोळ्यांपुढून गेले. बरं हाय. बरं हाय. बरं हाय. तिला एकाच वेळी हसूही आलं आणि या माणसाला त्या कपाशीच्या गाडीत ढकलून द्यावंसंही वाटलं. घरी काय बाजार भरला होता? मी काय भाव चढवणार होते?

भानावर आली तेव्हा रामराव जेवायला निघून गेले होते. ती जवळजवळ पळतच जठारपेठेत आली. खानावळीच्या मागच्या दाराने, बायकांनी जावं तसं, ती स्वयंपाकघरात शिरली. आत कोणी नव्हतं. पलीकडच्या खोलीत पंगत बसली होती. तेवढ्यात बाईचा खणखणीत आवाज आला, "काय रामरावभाऊ, कसं हाय आज?"

आणि रामरावांचा आवाज. "बरं हाय."

मैनाबाईने पदर कमरेला खोचला. बाजारात जे मिळालं होतं ते सगळं गेलं. बरं हाय म्हणाले. तिला. चांगल्या मालाचा शब्द, माझा शब्द, त्या बाईला दिला!

दाराचा पडदा बाजूला झाला. आत आली ती बाई मैनाबाईच्याच वयाची होती. नथ नव्हती, गोरीही नव्हती. दंडापर्यंत कणीक, कपाळावर घाम. तिच्या एका हातात वाटी होती आणि दुसऱ्या हातात मैनाबाईचंच कल्हईचं पातेलं. पुसून घेतल्यासारखं रिकामं.

"तुमी कोन वो?"

"हे पातेलं माह्यं हाय," मैनाबाई म्हणाली. दुसरं काही तिला सुचलं नाही.

लीलाबाईने तिला खालून वर पाहिलं आणि वाटी ओट्यावर आपटली. "असं! मंग तुमीच काय त्या? बसा. बसा आन सांगा मले, तुमी त्या भाजीत घालता काय? इतकी वर्सं जेवते हा मानूस माह्या इथी. माह्या वरणाची एवढी तारीफ करते की बाकीचे गिऱ्हाईक लाजतात. पन दुसऱ्यांदा घेईन तं शपथ! हे पाहा." तिने वाटी पुढे केली. वाटीत अर्धं वरण तसंच होतं. "आन तुमचा खोका उघडला की मान वर करत नाई. आता इचारलं कसं हाय, तं म्हने बरं हाय. बरं हाय म्हने आन पातेलं चाटून मोकया! मी मनात म्हनलं, बाई कोन्ती का असंना, तिच्या हाताले आग लागो."

"माह्या हाताले?"

"मंग काय! जयते ना जीव."

मैनाबाईने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या तोंडावर आपल्यासारखं जळणं बघितलं. ते फार गोड दिसत होतं. ती पाटावर बसली, पाणी मागून घेतलं आणि सावकाश प्यायली. मग न राहवून तिने ओट्यावरच्या वरणात बोट बुडवून चाखलं. वरण चांगलं होतं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा चांगलं होतं. तिने ते बोट पदराला पुसलं.

रामराव हात धुवायला मागे आले आणि तिला पाहून तिथेच थबकले. "तू इथी कशी?"

"डबा वापस न्याले आलो," मैनाबाई म्हणाली.

लीलाबाई मोठ्याने हसली. रामरावांनी हात धुतले. नंतर ते तिला घेऊन जिनावर गेले. शेठला सांगून त्याच दिवशी दोन दिवसांसाठी घरी यायचं म्हणाले. चंद्रभान शेठ गादीवर बसला होता. मैनाबाई दाराशी उभी राहिली.

"जाओ, जाओ," शेठ म्हणाला. "पन रामराव, बारमाहीचं काय ते आज बोलून जा. शिमगा आला."

मैनाबाई चौकटीला टेकून ऐकू लागली. हंगामभर जे पोटात ठसठसत होतं ते हेच. रामरावांनी टोपी नीट केली आणि भरपूर आवाजात म्हणाले, "शेटजी, काय नोकरी हाय! चांदी हाय चांदी! अशी नोकरी साऱ्या अकोल्यात भेटनार नाई. नशीबवानाले भेटते."

शेठने पुढ्यातली चोपडी मिटली. त्याने पानाचा डबा ओढला, एक पान लावलं आणि सुस्कारा टाकला. "समजलो. दुसरा मानूस पाहतो मी. दिवाळीले या मात्र."

दारातल्या मैनाबाईने पदर तोंडात कोंबला.

संध्याकाळच्या गाडीत दोघांच्या मध्ये रिकामा खोका होता. रामरावांनी झाकण उघडून आतल्या पिशव्या दाबून पाहिल्या. एकीची शिवण जरा उसवली होती, तिच्यातून चिमूटभर रुई काढून सवयीने अंगठ्यांमध्ये ताणली. "लय झ्याक डबा बनवला तू," ते म्हणाले. "असा डबा साऱ्या वऱ्हाडात नाई."

कालपर्यंत या शब्दांनी मैनाबाई हरखून गेली असती. आज तिने त्याचा अर्थ बरोबर लावला. यायले डब्यातलं नोको झालं हाय. घरीच खायचं हाय. ती खिडकीबाहेर पाहू लागली. वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या मागे पळत होत्या. सगळं आलबेल होतं. आता गप्प बसली असती तर बरं झालं असतं. पण जिभेवर त्या वरणाची चव अजून होती.

"ऐकलं का," ती म्हणाली. "लीलाबाईचं वरण खरंच कसं असते वो?"

रामरावांचे डोळे पेंगले होते. "बरं..." ते म्हणाले.

मग एकदम त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि सावरून बसले. "म्हंजे, लय झ्याक! चांदी!"

आधीचा शब्द खरा की नंतरचा, हे मैनाबाईला पुढे जन्मभर ठरवता आलं नाही. तिने कधी विचारलंही नाही. रामराव दर दिवाळीला अकोल्याला जात आणि शिमग्याला परत येत. खोका लग्नाकार्यांना गावोगाव फिरला, त्याच्या पिशव्यांतली रुई कितीदा तरी बदलली. मात्र त्या दिवसापासून मैनाबाईच्या घरी एक दिवसही वरणाशिवाय गेला नाही. ते चुलीवरून थेट ताटात पडे, फुकून फुकून खावं लागेल असं. आणि रामराव पहिला घास घेईपर्यंत ती पळी हातात धरून समोर उभी राही, एक अक्षर न बोलता.